मागे राहिलेला हात

तळ्याकाठी, १९ ऑगस्ट

ब्राउलिया,

पाकीट मिळालं. घरी न पाठवता मठाच्या पत्त्यावर पाठवलंस हे बरं केलंस. घरी आलं असतं तर आईने आधी हात लावला असता.

आतून कापसात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. मला वाटलं, कुणीतरी सिस्टर पिएदादच्या काढ्यासाठी वाळलेली मुळी पाठवली. बटणाएवढी चपटी चकती आणि तिला पाच लांब, खरखरीत शेपट्या. त्यातली एक आखूड, बाकीच्यांच्या निम्मी, रंगानेही फिकट. ते टेबलावर ठेवलं आणि चिठ्ठी उघडली. खाली नाव नव्हतं, नुसता एक टपालपेटीचा नंबर, पण तुझं अक्षर मी काय ओळखणार नाही? मीच तर पाटीवर गिरवून घेतलं होतं.

'ताई, हा भंगुरतारा. इथे खडकाखाली असतो. कुणी हात पकडला की तो हात तिथेच तोडून टाकतो आणि निघून जातो. मग नवा फुटतो. तुझ्या टाकीतल्या अचोकेलाही तुटलेला पाय परत फुटतो ना? म्हणजे आपण दोघी सारख्याच. मी जिवंत आहे. आईला सांगायचं का ते तू ठरव.'

तू ठरव. वा गं वा. लहानपणी भांडी घासायची वेळ आली की हेच म्हणायचीस, आज कोण घासणार ते ताई, तू ठरव.

मी टाकीच्या कठड्यावर बसून राहिले. सिस्टर पिएदाद जाळी घेऊन आत आल्या, माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही सिस्टर, कुणीच गेलेलं नाही. त्यांनी तो तारा उचलून उजेडात धरला, ओळखला, आणि असलं समुद्रातलं इथे कुणी पाठवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ओळखीचं आहे कुणी.

इकडे काय झालं ते तुला माहीत नसणार, म्हणून लिहिते. फादरांकडे तार आली. शिंपले काढायला गेलेली होडी वादळात उलटली, होडीवर तू होतीस, बाकीच्यांची प्रेतं मिळाली, तुझी नुसती निळी शाल. फादरांनी शाल आणून दिली. आईने ती धुतली नाही. खाऱ्या पाण्याने ती कडक झाली आहे, तशीच घडी घालून दरवर्षी तुझ्या फोटोखाली अंथरते.

आपल्याकडचा नियम तुला आठवत असेल. जिवंत माणसाचा फोटो मृतांच्या वेदीवर ठेवायचा नाही, त्याचं आयुष्य तुटतं. बाबा उत्तरेकडे कामाला गेले ते गेले, तरी आईने त्यांचा फोटो आजवर वेदीवर चढू दिलेला नाही. म्हणते, कोण जाणे, कुठेतरी दुसरी चूल मांडून बसला असेल, उगाच माझ्या हातून मरायला नको. तुझ्याबद्दल मात्र तिला शंका नव्हती. आपल्या वेदीवर एकच फोटो असतो, तुझा. जत्रेत लाकडी घोड्यावर बसून काढलेला, दात पडलेला.

दोन नोव्हेंबरच्या, मृतांच्या दिवसाच्या आधी आई दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी चाचपडत स्वतःच घालते, मला घालू देत नाही. तिखट लावलेले वाळके चाराल मासे, पेरू, बाहुलीच्या आकाराचा पाव. दुसऱ्या दिवशी पेरूची फोड तोंडात घालते आणि म्हणते, बघ, चव गेली, ब्राउने खाल्ला. मला कधी चव गेलेली लागली नाही. पण तिचा चेहरा बघून मीही मान डोलावते.

मेलेली होतीस तेव्हा दरवर्षी आलीस. आता जिवंत आहेस म्हणतेस, आणि एकदाही आली नाहीस. याचं काय करायचं ते मला कळत नाहीये, बाई.

आई बरी आहे. मी बरी आहे. कुणाला काही बोललेले नाही. कुठे असतेस, कशी असतेस आणि हे असं का केलंस, एवढं लिही. का ते आधी लिही.

ओतिलिया


१४ सप्टेंबर

ब्राउ,

तुझं पत्र आलं. एका घेवड्याच्या भांड्याने तुला वाचवलं हे वाचून मला हसू आलं, देवाशपथ. होडी सुटायच्या आत आठवलं की शेगडीवर घेवडा ठेवलाय, म्हणून उतरून खोलीकडे पळालीस आणि शाल होडीत राहिली. तुला कधी भांडं करपवल्याशिवाय स्वयंपाक जमला नाही. एकदा तरी ते कामाला आलं.

पुढचं वाचताना मात्र हसू गेलं. संध्याकाळी चर्चमध्ये बुडालेल्यांची नावं वाचत होते आणि तू बाहेर झाडाखाली उभी राहून स्वतःचं नाव ऐकलंस. आधी भीती वाटली आणि मग हलकं वाटलं, असं लिहिलंयस. आता एलिसेओ शोधायला येणार नाही, आता आई परत पाठवणार नाही. तिथूनच पुढच्या गावची वाट धरलीस आणि नाव बदललंस. आता तिथे दुसरा नवरा आहे, दोन मुलं आहेत. मुलांची नावं लिहिली नाहीस. विसरलीस की लिहायची नव्हती?

एलिसेओ गेला. दारू प्यायला आणि बांधावरून तळ्यात पडला, गुडघाभर पाण्यात. त्याच्या आईच्या वेदीवर त्याचा फोटो असतो. सगळं गाव तिथे पाव घेऊन जातं, आपल्या घरून जात नाही. चोना मावशीने आईला टोमणा मारला होता, जावई तो, एक पाव द्यायला काय झालं? आई म्हणाली, त्याला पाव देईन, पण आधी त्याने माझ्या पोरीचा दात परत द्यावा.

आता तू म्हणतेस ते. आईने दोनदा तुला परत पाठवलं. खरं आहे. पहिल्यांदा ओठ फुटलेला होता. आईने चेहरा धुतला, केस विंचरले, टोपलीत मक्याच्या गरम कोरुंदा बांधून दिल्या आणि म्हणाली, खायला घाल त्याला, निवळेल. दुसऱ्यांदा तू हात छातीशी धरून आली होतीस. तेव्हाही टोपली दिली. त्या वेळी मी धक्क्यापर्यंत तुझ्यामागे आले होते, आठवतं? म्हटलं होतं, मठात चल, सिस्टर ठेवून घेतील. तू म्हणालीस, कुठे, टाकीत? आणि होडीत बसलीस. मला वाटलं त्याच्याकडे चाललीस. त्यानंतर तू दिसलीच नाहीस.

आई ते विसरलेली नाही. दरवर्षी सगळं मांडून झालं की ती तुझ्या फोटोसमोर बसते आणि तेच बोलते. टोपली द्यायला नको होती गं. दार लावून तुला आत घ्यायला हवं होतं. हे ती जिवंत माणसांपैकी कुणाशी बोलत नाही, माझ्याशीही नाही. फोटोशी बोलते, आणि मी भिंतीआड मका निवडत ऐकते.

तू पुन्हा लिहिलंयस की आपण दोघी सारख्याच, दोघींनाही तुटलेलं फुटतं. मी दिवसभर अचोकेंच्या टाक्या धुते, त्यामुळे या बाबतीत थोडं बोलायचा मला हक्क आहे. पुस्तकात त्याला सॅलॅमँडर म्हणतात, बाहेरगावचे पाण्यातली पाल म्हणतात. आपल्यासाठी तो अचोकेच. आपल्या या एका तळ्यातला, दुसरीकडे कुठे नाही. मानेभोवती कल्ल्यांची झालर, तोंड सदा हसल्यासारखं. त्याचा पाय तुटतो कसा माहीत आहे? बाहेरचा कुणी येऊन तोडत नाही. टाकीत गर्दी झाली की शेजारचाच चावतो. आपलाच, एका अंड्यांच्या पुंजक्यातला. मग तो कोपऱ्यात गप्प पडून राहतो. त्याच पाण्यात, ज्याने चावलं त्याच्याच शेजारी. हळूहळू तिथे गाठ येते, गाठीला बोटं फुटतात, आणि एक दिवस आपल्याला ओळखता येत नाही की तुटला होता तो कुठला. जायला त्याला जागाच नाही. तळ्याबाहेर तो जगत नाही.

तुझ्या ताऱ्याचं वेगळं आहे. त्याचा हात कुणी तोडत नाही, तोच टाकतो. बरोबर करतो. धरणाऱ्याने सोडलंच नाही तर बिचाऱ्याने काय करावं? तू टाकलास त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ब्राउ. मी तुझ्या जागी असते तर मला तेवढं धैर्य झालं नसतं.

पण मी सिस्टरना एक विचारलं. त्या टाकलेल्या हाताचं काय होतं? त्या म्हणाल्या, वळवळत राहतो थोडा वेळ. म्हणजे पकडणारा मासा त्याच्यातच गुंततो आणि तारा निसटतो. मी विचारलं, मग? त्यांना प्रश्न कळला नाही. मग काय, म्हणाल्या, मग थांबतो. त्या हाताला नवा तारा फुटत नाही का? नाही म्हणाल्या.

ताऱ्याला नवा हात आला याचं सगळ्यांना कौतुक. हाताबद्दल कुणी बोलत नाही. तुला एलिसेओने धरलं होतं, आईने धरलं होतं. मी धरलं नव्हतं गं. तरी त्यांच्याबरोबर मलाही टाकलंस.

मागच्या पत्रात आई बरी आहे लिहिलं ते खोटं होतं. ती जुलैपासून अंथरुणावर आहे. पोटात पाणी झालंय. डॉक्टर येऊन गेला, मान हलवून गेला. तुला घाबरवून बोलवायचं नव्हतं, तू आपणहून यावंस असं वाटत होतं. आता ते वाटणं बाजूला ठेवते. ये.

ओतिलिया


३० सप्टेंबर

ब्राउ,

तुझं उत्तर यायची वाट न बघता लिहिते आहे, कारण काल मी आईला सांगितलं.

सांगायचं नव्हतं. आधीच ती अशी, त्यात पोर जिवंत असून आली नाही हे ऐकून तिला काय होईल, असंच वाटत होतं. पण परवा तिने मला जवळ बसवलं आणि सगळं कसं करायचं ते सांगायला लागली. शांतपणे, लग्नातल्या पंगतीचं सांगावं तसं. कुठला घागरा नेसवायचा, कोण रडेल आणि कोणाला रडू द्यायचं नाही. मग म्हणाली, मला माझी डोक्यावरची चुंबळ दे बरोबर, शवपेटीत. मी विचारलं, ती कशाला?

तिचा हिशेब पक्का होता. मृतांच्या दिवसाच्या जरा आधी जो मरतो त्याला त्या वर्षी घरी यायची परवानगी मिळत नाही, हे तुला माहीतच आहे. त्याला मागणी करायलाच वेळ मिळालेला नसतो. तो नुसता हमाल म्हणून येऊ शकतो, दुसऱ्या कुणाचं ओझं उचलून, त्याच्या मागून. 'मला काय त्याची चिंता,' आई म्हणाली. 'माझी ब्राउ येतेच दरवर्षी. मी तिची टोपली डोक्यावर घेईन नि तिच्या मागून येईन. मी तिच्या हातात दोनदा टोपली दिली होती, आता तिची मी वाहीन. वाटेत तिच्याशी बोलेन. तेवढ्या वाटेत माझं सगळं बोलून होईल.'

ब्राउ, ती मरायला भीत नाहीये. तुला भेटायला चालली आहे. आणि तू तिथे नाहीस.

मी रात्रभर विचार केला. न सांगणं म्हणजे तिला चुकीच्या गावी जाणाऱ्या बसमध्ये बसवून आपण फडक्याने टाटा करणं, असं वाटलं. म्हणून काल दुपारी तिला पेज भरवली आणि सांगून टाकलं.

'आई, ब्राउ मेली नाहीये. समुद्रावर असते. तिचं पत्र आलंय मला.'

आई म्हणाली, 'बरं.'

'बरं काय? खरं सांगतेय मी. त्या होडीत ती नव्हतीच.'

'ओती,' ती म्हणाली, 'तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. मला अडवून धरायला सांगतेयस ना हे? नको अडवूस. दमले मी.'

मी तो तारा तिच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, हा बघ, तिने पाठवलाय. तिने बोटांनी चाचपला आणि म्हणाली, हा कोळी कशाला देतेस गं मला? मग तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली, घेवड्याच्या भांड्यासकट. ती हसली. तुला वाटेल तिला पटलं. नाही. म्हणाली, छान रचलंस, घेवडा अगदी तिचाच.

'आई, माझ्यावर विश्वास ठेव.'

'जिवंत असती तर आली नसती का?' तिने विचारलं. 'माझी पोर आहे ती. राग येतो तिला, पण धरून ठेवता येत नाही. मेलीय म्हणून तर दरवर्षी येते.'

पेजेचं भांडं घेऊन मी बाहेर आले आणि चुलीपाशी रडले. तुझ्यासाठी की तिच्यासाठी ते नक्की नाही.

आता एकच होऊ शकतं. तू ये. तिला दिसत नाही, पण तुझा आवाज तिला कळेल. दारात उभी राहा आणि हाक मार, पुढचं काही बोलायला नको. तुझी मुलं, तुझं नवं नाव, मी कुणाला काही विचारू देणार नाही. गावाला दाखवायचं नसेल तर मठात उतर, अंधार पडल्यावर मी होडीने घेऊन जाईन. तिला तुझ्याकडून फक्त एवढं ऐकायचं आहे की टोपलीचं जाऊ दे. ते मेलेल्या ब्राउकडून ऐकायला निघालीय, आणि तिथे तिला ऐकवायला कुणी नाही.

ओतिलिया


१३ ऑक्टोबर

ब्राउलिया,

आई बुधवारी गेली. सकाळी, कोंबड्यांना दाणे टाकायच्या वेळेला. त्रास झाला नाही. चोना मावशी आणि मी होतो. शेवटी शेवटी ती माझ्याशी बोलत नव्हती, तुझ्याशी बोलत होती. म्हणत होती, थांब, एवढी भरभर चालू नकोस.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी पोचलं, आईला पुरून आल्यावर. मी मातीच्या हातांनीच उघडलं. येता येणार नाही, असं तू लिहिलंस. मुलांना काय सांगू? त्यांना वाटतं त्यांची आजी कधीच मेली. मी आईला केव्हाच माफ केलंय, तू तिला तसं सांग. असं लिहिलंस.

मी सांगितलं असतं तर तिने मानलं असतं का? जिवंत आहेस हे मानलं नाही, माफ केलंस हे मानेल? असलं दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नसतं गं.

तुझ्यावर चिडायचं नाही असं ठरवून बसले होते. जमत नाहीये. मग तुझी बाजू घेऊन बघते. तुझा नवा हात पुरता वाढलाय. नवरा, मुलं, दुसरं नाव. त्या हाताच्या जागी आता जुना परत कुठे लावणार? जुना नेऊन दिला तरी तारा तो घेत नाही. हे मला समजतं. समजून काही हलकं होत नाही, एवढंच.

चुंबळ मी ठेवली. तिचीच, कापडाची, मासळीच्या वासाची. उशाशी ठेवली तर फादर म्हणाले, ही कशाला? चोना मावशी म्हणाली, फादर, तुम्ही तुमची पुस्तकं बघा, ओझं कोण वाहणार ते आम्ही बघतो.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते तुझा फोटो काढून ट्रंकेत ठेवायचं. दरवर्षी हा फोटो आधीच उतरवून, पुसून, वेदीसाठी तयार ठेवतो. आता मला ठाऊक आहे तू जिवंत आहेस, तर जाणूनबुजून तो कसा मांडू? नकळत केलं ते वेगळं. मावशीने भिंतीवरची रिकामी जागा बघितली आणि विचारलं. काच तडकली, बसवायला दिली, असं सांगितलं.

फोटो काढताना तुझा तारा खाली पडला. आखूड हात तुटला. मी दोन्ही तुकडे कापसात ठेवले. मेल्यावर काही फुटत नाही हे माहीत होतं, तरी रोज उघडून बघते. वेडेपणा, दुसरं काय.

मोठ्या टाकीतल्या एका मादीचा पुढचा पाय उन्हाळ्यात गेला होता, तो आता पुरता आलाय. चारही बोटं आहेत. सिस्टरना दाखवायला नेलं तर म्हणाल्या, कुठला पाय? त्यांना ओळखता आला नाही. मलाही क्षणभर शंका आली. मग मी तिला परत सोडलं.

हे शेवटचं मागणं. एक नोव्हेंबरला दुपारची बस तळ्याकडे येते. त्या बसने ये. आई घरात नाही, पण दफनभूमीत आहे, ताज्या मातीखाली आहे, आणि त्या दिवशी ऐकते असं आपण मानतो. तिच्या पायाशी उभी राहून तुझ्या तोंडाने सांग. आई, मी जिवंत आहे, टोपलीचं जाऊ दे. म्हणजे ती तिथे तुला शोधत फिरणार नाही. एकदाच. परतीची बस सकाळी आहे, मी स्वतः बसवून देईन. अडवणार नाही, मुलांची नावंही विचारणार नाही.

ओतिलिया


२ नोव्हेंबर

ब्राउ,

काल मी धक्क्यावर जाऊन उभी होते. बस आली, उत्तरेकडून परतलेली चारदोन पोरं उतरली, झेंडूच्या पेंड्या उतरल्या, कुणाचा तरी बोकड उतरला. तू नव्हतीस. ड्रायव्हरला विचारलं, समुद्राकडची गाडी उशिरा आहे का? तो म्हणाला, बाई, ती गाडी वेळेवर आली, त्यातलेही यातच होते.

घरी आले. वाट घालायची होती. पाकळ्या आई टाकायची तशा दाट टाकल्या. वेदीवर मीठ ठेवलं, पाणी, पाव, पेरू, चाराल, ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठीची एक मेणबत्ती. सगळं मांडून झालं आणि मधली जागा मोकळी. आईचा फोटो यंदा ठेवता येत नाही. आईला परवानगी नाही. तिला कुणाच्या तरी मागून यायचं आहे, आणि आपल्या घराला त्या बाजूला दुसरं कुणी नाही. बाबांचं ठाऊक नाही. आजीची वेदी मामाकडे, तिच्यामागून आई आली तर ती मामाच्या घरी जाईल. आपल्या दारापर्यंत येणारं एकच माणूस होतं.

मी बसून बघितलं ती मोकळी जागा. ती तिकडे डोक्यावर चुंबळ ठेवून उभी असेल. सगळ्यांचे आपापले निघाले असतील. ती विचारत असेल, माझी ब्राउलिया कुठे? पाठीमागचे तिला म्हणत असतील, बाई, चला, नाहीतर बाजूला व्हा. तिला नीट दिसतही नाही.

ब्राउ, मी ट्रंक उघडली. शाल अंथरली. तुझा फोटो ठेवला, घोड्यावरचा. त्याच्यापुढे तुझा तारा ठेवला आणि शेजारी तो तुटलेला हात. मेणबत्ती लावताना छातीवर क्रूस काढला, कारण आधी आम्ही चुकून केलं होतं आणि आता मी जाणून केलं. तुझं आयुष्य तुटू नये अशी प्रार्थनाही केली. दोन्ही एकदम. देवाला काय ऐकायचं ते ऐकू दे. तुझ्या मुलांची नावं माहीत असती तर तीही घेतली असती.

मग मी फोटोशी बोलले, आई बोलायची तसं. म्हटलं, जा आणि तिला घेऊन ये, आणि वाटेत तिचं ऐकून घे. ती टोपलीबद्दल बोलेल. मध्ये तोंड घालू नकोस.

सकाळी चोना मावशी पाव घेऊन आली. वेदीसमोर उभी राहून म्हणाली, बरी झाली की काच, अगदी नवी वाटते. मी पेरूची फोड तोंडात घातली. गोड होता. चव जशीच्या तशी होती.

मावशीने विचारलं, 'आली का गं ब्राउ?'

'आली,' मी म्हटलं. 'आई मागून होती. टोपली आईच्याच डोक्यावर होती.'

मावशीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, चला, भेटल्या एकदाच्या. मग आम्ही दोघींनी मिळून उरलेला पेरू संपवला.

यापुढे तुला पत्र नाही. तूही लिहू नकोस. मेलेल्यांना कुणी पत्र पाठवत नाही, त्यांच्यासाठी पाव ठेवतात. तो मी दरवर्षी ठेवीन, आणि दारापासून पाकळ्याही टाकीन. मी आहे तोवर तुझी वाट मोडणार नाही.

आता जाते. मोठ्या टाकीचं पाणी बदलायचं आहे.

तुझी ताई